जायला पाहिजे होती ती रेघ

टाळ्या वाजल्या तेव्हा माझे दोन्ही हात डब्याच्या कडेवर होते. फरसाणाला असतो तसला प्लास्टिकचा पसरट डबा, त्यात रंग चढवायचं पाण्यासारखं औषध, आणि औषधात पडलेल्या बोटाएवढ्या दोन पांढऱ्या पट्ट्या. डावीकडच्या पट्टीवर जांभळी रेघ उमटली. ती उमटणारच होती. उजवीकडची पट्टी कोरी राहायला पाहिजे होती, आणि मी तिच्याकडं बघत मनातल्या मनात म्हणत होतो, नको बाई, तू येऊ नको. आधी जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर पडतो तसला पुसट डाग दिसला. मी म्हणलं, भास असंल. मग डाग लांबला, दाटला, आणि डावीकडच्या रेघेची सख्खी जुळी बहीण होऊन तिथं आडवा पडला. तेवढ्यात संचालक मंडळानं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. आमचे चेअरमन विठ्ठलराव, ज्यांना गेवराईपासून शिरूरपर्यंत सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी माझ्या पाठीत असा हात मारला की माझा चष्मा डब्यात पडता पडता राहिला. "औषध टाकूनबी हटली न्हाई!" अण्णा म्हणाले. "ह्याला म्हनायचं वाण! काय बे, कसं?" ते 'काय बे' सगळ्या मंडळाला होतं, आणि मंडळानं परत टाळ्या वाजवल्या. माझ्या कानात रहाटासारखं काहीतरी करकरायला लागलं. त्या खोलीत ती रेघ जावी असं वाटणारा मी एकटाच होतो. ती गेली नव्हती, आणि गेली नाही म्हणून सुंदरराव स्टोअरकीपर माझ्यासाठी हार आणायला जिन्यावरून खाली पळाला होता.

ही खोली म्हणजे आमच्या बियाणे संघाची प्रयोगशाळा. बीडला बार्शी नाक्याच्या पुढं संघाचं गोदाम आहे, त्याच्या माथ्यावर. खाली पोती, वर मी. दुष्काळ एवढा लांबला होता की टँकरवाल्याला लोक पाहुण्यासारखं चहा पाजायला लागले होते, आणि त्याच दिवसांत अण्णा सहकाराच्या अभ्यास दौऱ्यावर इस्रायलला गेलते. तिकडून ते एक टोपी आणि एक वाक्य घेऊन आले. वाक्य असं, की 'तिकडं झाडाचं रक्त तपासतात.' टोपी त्यांनी उद्घाटनांना घातली, आणि वाक्यातून ही प्रयोगशाळा निघाली. मी शिरूर कासारकडच्या ऊसतोडीच्या घरातला, उत्तरेश्वर, पुण्यात पीएचडी करून रिकामा बसलो होतो, जाहिरात वाचून आलो. काम असं, की संघाच्या ज्वारीचा नवा वाण, अण्णा-दोन, दुष्काळात तग धरतो का ते सांगायचं. अण्णा-एक पहिल्याच वर्षी उभा करपला, त्याचं नाव संघात काढायचं नसतं. तर तहान लागली की झाडाच्या पानात एक प्रोटीन वाढतं, ते आतला ओलावा धरून ठेवतं. ते हुडकायला अँटिबॉडी नावाचा विकतचा हुडक्या मिळतो. पानाचा रस पट्टीवर चढवायचा, वरून हुडक्या सोडायचा, तो जिथं चिकटंल तिथं जांभळी रेघ. मागच्या वर्षी अण्णा-दोनमध्ये रेघ आली, चांगली ठसठशीत. मी अहवालात लिहिलं, 'खात्री करणे बाकी.' अण्णांनी त्यातली रेघ तेवढी घेतली. ती बियाण्याच्या पिशवीवर छापली, चौकात फ्लेक्स लावला, वर अण्णांचा चेहरा आणि खाली रेघ. फ्लेक्सवाल्याच्या मापात गडबड झाली, रेघ थेट अण्णांच्या नाकाखाली आली. अण्णांना मिशा नाहीत. तेव्हापासून सगळा जिल्हा ह्या वाणाला 'मिशीची ज्वारी' म्हणतो, आणि खप दुप्पट झाला.

बाकी राहिलेली खात्री म्हणजे आजचा हा खेळ. हुडक्या खरंच त्या प्रोटीनला धरतो की भलत्यालाच, हे बघायला कारखान्यात बनवलेला एक नकली तुकडा मागवता येतो, ब्लॉकिंग पेप्टाइड. हुडक्या ज्या खुणेवरून प्रोटीन ओळखतो नेमकी तेवढीच खूण, बाकी काही नाही. हे अण्णांना समजावताना मी त्यांच्याच निवडणुकीचं उदाहरण दिलं. मागच्या वेळी विरोधकांनी अण्णांसमोर दुसरे एक विठ्ठलराव उभे केले होते, उमापूरचे, पानटपरीवाले, नाव आडनाव तेच, फक्त बापाचं नाव वेगळं. "अण्णा," मी म्हणलं, "हा नकली तुकडा म्हणजे ते दुसरे विठ्ठलराव. लोक नाव बघून मत देत असतील, तर नकलीच सगळी मतं खाईल आणि खऱ्याला काही उरणार नाही. तसे ह्या तुकड्यानं आधीच हुडक्याचे हात भरले, की रेघ गायब झाली पाहिजे. गायब झाली तर आपलं खरं. राहिली, तर हुडक्या आपल्या प्रोटीनला ओळखतच नव्हता, दुसरंच काहीतरी धरून बसलाय." अण्णांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली. पण त्या निवडणुकीत अण्णा निवडून आलते, समोर दुसरे विठ्ठलराव उभे असून. त्यामुळं त्यांच्या डोक्यात उदाहरण उलटं जाऊन बसलं: डमी उभा केला तरी जो पडत नाही, तोच खरा गडी. आता त्यांना किती समजावणार? अण्णा निवडून यायला नको होते, असं ज्यातून निघतं ते शास्त्र अण्णांना कळायचं म्हणजे अवघडच.

त्या निवडणुकीत माझ्या मायनं, साखराबाईनं, डमीला मत दिलं होतं. वडील, आसाराम, जाताना मागं संघाचा एक शेअर ठेवून गेले, म्हणून ती सभासद. अण्णांची निशाणी कपबशी होती, डमीची किटली. मी म्हणलं, "माय, आपले अण्णा कपबशीवाले." तर ती म्हणाली, "आरं, पर नाव तर तेच लिव्हलं व्हतं की. आन किटली असल्याबिगर कपात च्या येतो व्हय?" तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता डब्यातल्या रेघेकडं बघताना ते हसू आठवलं, आणि ते माझ्यावरच उलटलं होतं. कारण त्या रेघेवर सगळ्यात आधी कुणी विश्वास ठेवला असंल तर मायनं. जन्मभर दसरा झाला की ती ट्रकवर चढली, पाचट अंथरून, भांडी, कोंबड्या, मी, धाकटा सिदू, सगळं वर. मला ऊस आठवतो तो डोळ्यांनी नाही, कातडीनं. पात्यांनी चिरलेल्या पोटऱ्या, त्यावर घाम उतरला की होणारी आग, कोपीच्या, म्हणजे फडाजवळच्या आमच्या झोपडीच्या, दाराशी ओल्या पाचटाचा आंबट वास, आणि पहाटेच्या गारठ्यात मायच्या कोयत्याचा आवाज. बाकीच्या बायांचे कोयते खाटखाट वाजायचे. मायचा एकदाच वाजायचा, खचकन, आणि ऊस पडायचा. त्या आवाजावर मी झोपायचो. शहरात आल्यावर पहिली दोन-चार वर्षं मला झोप लागायची नाही, ती त्या आवाजावाचून. वडील गेल्यावर माय आणि सिदू मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, धरायचे. आणि पंधरवड्यामागं तिचा फोन आला, आवाजात एवढी हुशारी की मला वाटलं सिदूचं लग्न ठरलं. "उत्तरेसर, आवंदा आमी जात न्हाई. मुकादमाला न्हाई सांगून टाकलं. सगळ्या रानात तुझी मिशी पेरायची." मी म्हणलं, माय, थांब, अजून खात्री व्हायचीय. ती म्हणाली, "खात्री कशाची? रेघ आलीय न्हवं? मी पिशवीवर बघितली. तू काढलीस ना ती?" मी काढली होती. मी हो म्हणलं.

सुंदरराव हार घेऊन आला. झेंडूचा, कालच्या कुठल्या तरी सत्काराचा, कडा वाळलेला. मंडळ खाली चहाला गेलं होतं. टेबलावर त्यांच्या पानाचं तबक राहिलं होतं, आणि मी अजून डब्यापाशीच उभा होतो. सुंदररावनं माझ्या गळ्यात हार घातला, दाराकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, एक सांगू? कुनाला बोलू नका. आज तुमची इज्जत म्या वाचवली."

"ती कशी?"

"ती बारकी बाटली आलती ना, नकली तुकड्याची? ती रिकामीच आलती."

मला कळायला वेळ लागला. आमच्या संघात एक रीत आहे. गेटातून आत येणारी प्रत्येक वस्तू, पोतं असो की टाचणी, काट्यावर ठेवून संचालकांसमोर वजन केल्याशिवाय आत घ्यायची नाही. कुणीतरी कधीतरी पोत्यात वाळू भरली होती, तेव्हापासूनची. "काट्यावर ठिवली," सुंदरराव म्हणाला, "तर काटा हलंना. संचालक म्हनले, सुंदर, एवढीशी बाटली आन तीबी रिकामी? माल कुठंय? म्या उघडली. उलटी केली. हातावर ठोकली. नळाखाली धरून बघितली. काय न्हाईच आत. आता तुमी एवढं शिकलेले मानूस, लोकांनी तुमाला फसवलं असं सभेत झालं तर? म्हनून म्या चिमूटभर दूध पावडर भरली. तुमी न्हाई का, समद्या पट्ट्या दुधाच्या पाण्यातच भिजवता? म्हनलं, तुमाला लागती ती हीच."

पेप्टाइड तसंच येतं. बुडाला चिकटलेला थर, श्वासाएवढा, डोळ्याला दिसत नाही. सुंदररावनं तो नळाखाली धुऊन काढला होता. आणि बाटलीत पांढरी पावडर बघून मला काय वाटलं होतं? मला वाटलं होतं, कंपनीनं ह्या वेळी हात सैल सोडला. एवढी पीएचडी आणि मला दूध ओळखता आलं नाही. पण ह्या गोष्टीची लाज वाटायच्या आधी मला अशी काही उकळी फुटली की मी सुंदररावला मिठी मारली. झेंडू चुरगळून दोघांच्या शर्टावर सांडला. नकली तुकडा नव्हताच! डमी उभाच राहिला नव्हता! मग रेघ राहणारच की. म्हणजे अजून काही बिघडलं नाही, रेघ खरी असू शकते, मायचं रान हिरवं होऊ शकतं. सुंदरराव माझ्या मिठीत अवघडून उभा होता. "साहेब, दूध पावडर बरुबर व्हती ना?" त्यानं विचारलं. मी म्हणलं, "सुंदरराव, तू देव आहेस. आता सांग, बाटली एकच आलती?" तो घुटमळला. मग म्हणाला, "बिलात एकच व्हती. दुसरी फुकट आलती. जास्तीचा माल दाखवला तर पंचाईत, म्हनून ती तशीच फ्रिजरमधी टाकलीय. अण्णांच्या आमरसाखाली."

आमरसाचे डबे मी असे उपसले की जणू खाली माणूस गाडलाय. बाटली होती. झाकण बंद, बुडाशी काहीच नाही, म्हणजे सगळं होतं. त्या दुपारी मी नव्यानं पट्ट्या लावल्या. एक साधी. एक नकली तुकड्याची, खऱ्या नकली तुकड्याची. आणि हात चालू असताना माझं लक्ष तबकाकडं गेलं. त्यात विड्याची पानं होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. विड्याचं पान म्हणजे ज्याला घडीभर ऊन सोसत नाही. पाणी घालायचं, सावली धरायची, तरी रुसतं. मला त्या घडीला एक कोरी पट्टी बघायची एवढी भूक लागली होती, लग्नात उपाशी माणूस पंगतीकडं बघतो तशी, की मी एक पान कुटलं, त्याचा रस तिसऱ्या पट्टीवर चढवला. इथं तरी रेघ येणार नाही. निदान एक तरी पट्टी माझ्या बाजूनं बोलंल. मग सगळ्यांवर हुडक्या सोडून रात्रभरासाठी पट्ट्या फ्रिजात ठेवल्या, आणि घरी जाऊन असा झोपलो की स्वप्नातसुद्धा खचकन एकच आवाज आला.

दुसऱ्या दिवशी संघाची सर्वसाधारण सभा, गोदामाच्याच अंगणात. मांडव, खुर्च्या, पाण्याचे जार, आणि जारभोवती मांडवापेक्षा जास्त गर्दी. मी वर. धुणं झालं, रंगाचं औषध डब्यात ओतलं, पट्ट्या सोडल्या. खिडकीतून अण्णांचा आवाज येत होता. ठराव वाचला जायचा, लोक 'मंजूर' म्हणायचे, आणि प्रत्येक 'मंजूर'ला डब्यातलं औषध थरथरायचं. पहिली रेघ आली. येऊ दे. मी दुसऱ्या पट्टीवर वाकलो. माझा श्वास औषधावर पडत होता. बराच वेळ काही नाही, पट्टी पांढरीशुभ्र, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी म्हणलं, माय, पेर. बिनधास्त पेर. खाली 'मंजूर' झालं. मी डोळे पुसले, परत बघितलं, तर पुसट डाग. मला वाटलं डोळ्यांतलं पाणीच आहे. परत पुसले. डाग लांबत होता. कुणी आतून सावकाश काडी ओढावी तसा, कसलीच घाई नाही. मी पट्टी चिमट्यानं उचलली, परत टाकली, जणू ती गुदमरून थांबंल. थांबली नाही. आणि मग, ज्याचा मी विचारसुद्धा सोडून दिला होता त्या तिसऱ्या पट्टीवर, विड्याच्या पानाच्या, तीच रेघ. त्याच उंचीवर. तेवढीच जाड. उलट जास्तच ठसठशीत.

मी खाली बसलो. म्हणजे बसलो असणार, कारण मला टेबलाचे पाय दिसत होते. हुडक्या कशाला धरत होता ते आता एखाद्या पोरालाही कळलं असतं. हिरव्या पानात जे सगळ्यात जास्त असतं, ज्वारीत, विड्यात, हरळीत, गाजरगवतात, त्याला तो मिठी मारून बसला होता. तहानेशी त्याचा काही संबंध नव्हता. गोदामामागच्या उकिरड्यावरचं कुठलंही पान कुटलं असतं, तर अण्णांना तीच मिशी फुटली असती. आणि हे कळत असताना माझ्या डोक्यात भलतंच चालू होतं. लहानपणी कोपीवर असताना एकदा मी मायच्या पदराला धरून फडातून लांबपर्यंत चालत गेलो. त्या बाईनं वळून बघितलं तर ती माय नव्हती. लुगडं तेच, हिरवं, मुकादमानं सगळ्या टोळीला एकाच ठाणातून घेतलेलं. मी भोकाड पसरलं. ती बाई मला काही बोलली नाही, हसली आणि परत आणून सोडलं. तेव्हा मला रडायला कशानं आलं, माय हरवली म्हणून, का इतका वेळ आपण इतक्या खात्रीनं चालत होतो म्हणून? खालून माइकवर माझं नाव आलं. "आपले शास्त्रज्ञ कुठं हायत? बोलवा बे त्यान्ला!" सुंदरराव जिना चढून आला, माझं तोंड बघितलं, म्हणाला, "साहेब, दूध कमी पडलं का?"

स्टेजवर मला उन्हाची तिरीप डोळ्यात येत होती. समोर फेटे, टोप्या, पदर, आणि मांडवाच्या खांबाला टांगलेला तोच फ्लेक्स. अण्णांनी माइक माझ्या हातात दिला. मी म्हणलं, "मंडळी, ती रेघ जायला पाहिजे होती."

पुढच्या रांगा खुर्च्यांत पुढं सरकल्या.

"नकली तुकडा घातल्यावर ती जायलाच पाहिजे होती. काल गेली नाही. आज परत केलं. आज पण गेली नाही."

टाळ्या. अशा टाळ्या की पत्र्यावरची कबुतरं उठली. "टाळ्या नका वाजवू," मी ओरडलो, "गेली नाही म्हणजेच तर..." अण्णांनी माइक घेतला. "ऐकलं का? शास्त्रज्ञ सोता म्हनतोय, जायला पायजे व्हती! दुसऱ्या कुनाची असती तर गेलीबी असती!" मी बिनमाइकचा ओरडलो, "अहो, विड्याच्या पानातसुद्धा हीच रेघ आहे!" पुढच्या रांगेतला एक म्हातारा हात कानाला लावून ऐकत होता. तो उठला. "म्हंजे पानमळ्यालाबी आता पानी लागनार न्हाई म्हना की!" आणि अण्णा, टोपी सारखी करत, एका क्षणाचाही वेळ न घेता म्हणाले, "संशोधन चालूच हाय! पुढच्या साली अण्णा-तीन, बिगरपान्याचं पान! ठराव मांडतो." 'मंजूर' झालं. मी बोललो होतो. माझ्या तोंडानं, सगळ्यांसमोर, खरं ते. आणि त्याचा ठराव झाला होता. मला आयुष्यात एवढ्या टाळ्या कधी पडल्या नाहीत.

तिथून निघालो तो तसाच जीपनं शिरूरला आणि तिथून गावाला, पट्ट्या कागदात गुंडाळून खिशात. माय दारात बसली होती. तिच्या मागं, आत, बियाण्याच्या पिशव्यांची चवड, प्रत्येकीवर मिशी. मला बघून ती उठली, आणि मी काही बोलायच्या आत दोन खुरपी पुढं केली. नवी कोरी. पात्यांवर घणाच्या खुणा. "लोहाराकडनं करून आणली. बघ की धार."

"माय, लोखंड कुठलं?"

"कोयता दिला. आता काय करायचाय तो? एकात दोन झाली, एक माझं, एक सिदूचं."

मी खुरपं हातात घेतलं. एवढंसं. जन्मभर ज्या आवाजावर मी झोपलो तो ह्यात कुठं राहिला असंल? मी ओट्यावर बसलो आणि म्हणलं, "माय, रेघ खोटी आहे." मी प्रोटीन म्हणलं, हुडक्या म्हणलं, माझं मलाच कळंना. मग मी किटली म्हणलं. "तू त्या किटलीवाल्याला मत दिलं होतंस ना? अण्णा समजून? तसं झालं. मी ज्याला ओळखलं तो आपला नव्हताच. ह्या ज्वारीत काही नाही, माय. साधी ज्वारी आहे. पाऊस नाही पडला तर ही पण करपणार."

ते तिला लगेच कळलं. चेहऱ्यावरून दिसलं, कारण तो एकदम म्हातारा झाला. "म्हंजे माज्यावानी झालं तुजं," ती म्हणाली. मग पिशव्यांच्या चवडीकडं बघत, "हे तू तिथं सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मंग?"

"टाळ्या वाजल्या."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं ताप आलेल्या पोराकडं बघतात. आत गेली, तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला. "चल," म्हणाली. "मुकादमाकडं. अजून ट्रक गेला न्हाई." खुरपं तिच्या हातातच राहिलं होतं, तिला ते ठेवायचं सुचलं नाही, आणि मला सांगायचं सुचलं नाही.

मुकादम गहिनीनाथ ओट्यावर बसला होता, भोवती टोळीतली चार माणसं, सगळ्यांच्या माना एका फोनवर. आम्ही जवळ गेलो आणि मला माझाच आवाज ऐकू आला. '...ती रेघ जायला पाहिजे होती.' मग टाळ्या. आमच्या आधी सभा इथं येऊन पोचली होती. "या, या शास्त्रज्ञ!" गहिनीनाथ उठून उभा राहिला, कधी राहत नाही. "लई जोरात बोललात. गावाचं नाव काढलं. साखराबाई, आता काय बाबा, तुमचं रान पिकणार."

"माझं आन सिदूचं नाव घाल टोळीत," माय म्हणाली.

"आँ? आवो, पोरगं एवढं सांगतंय, रेघ हटत न्हाई म्हनून. कावून येता मरायला?"

मी तोंड उघडलं. आता तरी, ह्या चार माणसांना तरी. पण मायनं मागं हात करून माझं मनगट धरलं. तिच्या पंजाला कोयत्याच्या मुठीचा आकार होता, अजून. "रान पिकंल की," ती म्हणाली. "त्याला काय धाड भरली? माजंच घरी बसून अंग धरतंय. सवय न्हाई न्हवं बसायची." एवढं स्वच्छ खोटं मी आमच्या संघातसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो. ती माझ्यासाठी बोलत होती. माझी रेघ ती चार माणसांत खरी ठेवत होती.

गहिनीनाथची नजर तिच्या हातावर गेली. "साखराबाई," तो म्हणाला, "आन ह्या खुरप्यानं ऊस तोडनार व्हय?" चौघंही हसले, एकानं दुसऱ्याला टाळी दिली. मायनं खुरप्याकडं बघितलं, आता कुठं तिला ते दिसलं. तिनं ते पदरात घातलं.

"कोयता करून घेते मी. तू नाव घाल," ती म्हणाली. "साखराबाई आसाराम. मधलं नाव नीट घाल. न्हाईतर माझ्या जागी दुसरीच कुनी साखराबाई चढायची ट्रकात."

गहिनीनाथनं मान हलवली आणि कानामागची पेन्सिल काढली. त्याच्या मांडीवरच्या फोनमध्ये टाळ्या अजून चालूच होत्या.